बेसिनला कढत पाणी येतं, शॉवरला मात्र कोमटच. असं का?

बेसिनला कढत पाणी येत असेल तर गिझरला हात लावू नका. दोष बहुतेक शॉवरच्या मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळात आहे.

सिंगल लिव्हर (एकाच दांड्याचा मिक्सर) असेल तर गरम आणि थंड पाण्याचे दोन्ही अँगल कॉक (पाणी तोडायचे छोटे नळ) बंद करा, लिव्हरवरची टिकली काढून एलन कीने (षटकोनी किल्लीने) स्क्रू सोडवा. लिव्हरखाली पाणी मिसळणारं कार्ट्रिज असतं. बऱ्याच कार्ट्रिजच्या डोक्यावर दातेरी प्लॅस्टिकची रिंग असते. ती लिव्हरला गरम बाजूला पूर्ण वळू देत नाही. ती उचलून एक-दोन दातेच सरकवा आणि पाणी थर्मामीटरने मोजा. ४३ अंशांच्या वर नको, चटका बसतो.

रिंग ठीक असेल तर फक्त थंडाचा अँगल कॉक बंद करून लिव्हर गरमकडे फिरवा. पाणी लगेच कढत झालं तर कार्ट्रिजमधून थंड पाणी मिसळतंय. कार्ट्रिज बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. धारच बारीक झाली तर गरम बाजूची जाळी क्षारांनी चोंदली आहे. ती तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासा.

बेसिनलाही कोमटच येत असेल तर गोष्ट वेगळी. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो. त्यावर मोठा रेन शॉवर लावणं म्हणजे हौसच!