हजार ब्लॉकची रेल्वे, आणि सोनं वाचवायच्या नादात राहून जाणारं लोखंड

तुमचा प्रश्न असा आहे: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये दोन तळांमध्ये साधारण १००० ब्लॉकची रेल्वे टाकायची आहे, सोनं कमी आहे, तर पॉवर्ड रेल (गाडीला जोर देणारा सोन्याचा रूळ) किती अंतरावर लावावी, आणि गाडी स्टेशनवर थांबून पुन्हा का सुटत नाही?

आधी हिशोब करू, कारण त्यातच तुमची निम्मी काळजी मिटते. ६ सोन्याच्या विटा, १ काठी आणि १ रेडस्टोन (खेळातली वीज वाहणारी पूड) यांतून ६ पॉवर्ड रेल मिळतात, म्हणजे एका रेलला एक वीट. सपाट जमिनीवर, तुम्ही गाडीत बसलेले असताना, दर ३८ ब्लॉकला एक पॉवर्ड रेल असली की पूर्ण वेग टिकतो. हजार ब्लॉकला अशा २७ रेल लागतात. पाच वेळा क्राफ्ट केलं की ३० मिळतात, सोनं ३० विटा. उरलेल्या ९७३ जागी साधे रूळ. ते ६ लोखंडी विटा आणि १ काठी यांतून १६ मिळतात, म्हणजे ६१ वेळा क्राफ्ट करायचं आणि लोखंड लागणार ३६६ विटा! अडचण सोन्याची नाहीच, लोखंडाची आहे. म्हणून खाणीत उतरण्याआधी एखादी पडीक माइनशाफ्ट (जमिनीखालचा जुना खाणबोगदा) शोधा. तिथले अंथरलेले रूळ उचलून आणणं हा रूळ जमवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

आता ३८ हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीची अंतरं पाठ करावी लागत नाहीत. पुढचं सगळं गेमच्या जावा (संगणकावरच्या मूळ) आवृत्तीचं आहे. गाडीचा वेग सेकंदाला ८ ब्लॉकवर अडवलेला असतो. पण अडवलं जातं ते फक्त सरकणं. पॉवर्ड रेलने दिलेला जादा जोर गाडीत शिल्लक राहतो आणि पुढच्या साध्या रुळांवर हळूहळू खर्च होतो. म्हणूनच सगळा मार्ग सोन्याचा केला तरी गाडी ८ च्या पुढे जात नाही. ही शिल्लक किती लवकर संपते ते गाडीत कोण बसलंय यावर ठरतं. माणूस बसलेला असेल तर दर टिकला (खेळाच्या घड्याळाच्या एका ठोक्याला) ०.३ टक्के वेग जातो. गाडी रिकामी असेल तर दर टिकला ४ टक्के! सेकंदाला २० टिक धरले तर भरलेली गाडी सेकंदात जेमतेम ६ टक्के गमावते आणि रिकामी निम्म्याहून जास्त. त्यामुळे स्वतः बसून तपासलेल्या मार्गावर रिकामी गाडी परत पाठवली की ती मध्येच कुठेतरी उभी राहते, आणि लोक रुळात चूक शोधत बसतात. रिकाम्या गाडीला पूर्ण वेगात ठेवायचं तर दर तीन-चार ब्लॉकला रेल हवी. माझ्या मते हे परवडत नाही. गाडी खिशात घालून न्यावी.

चेस्ट माइनकार्टचं, म्हणजे मालाची पेटी बसवलेल्या गाडीचं, गणित याच्या उलट आहे. पेटी जितकी भरलेली तितकी ती लवकर मंदावते. गच्च भरलेली असेल तर दर पाच-सहा ब्लॉकला एक रेल धरा. माल वाहायचाच असेल तर हेही लक्षात ठेवा की तुम्ही लांब गेलात आणि तो चंक (जगाचा तेवढा तुकडा) अनलोड झाला, म्हणजे खेळाने चालवणं थांबवलं, की गाडी तिथेच गोठते. तुम्ही परत जवळ गेल्यावर ती पुढे चालू लागते.

चढावर मी दर दुसरा रूळ पॉवर्ड ठेवतो. उतारावर एकही लावत नाही. मार्ग आखताना चढ शक्यतो एकाच जागी गोळा करा, कारण वीजपुरवठ्याचा एक नियम तिथे उपयोगी पडतो. एका पॉवर्ड रेलला वीज मिळाली की तिला चिकटून असलेल्या पुढच्या ८ रेलपर्यंत ती पोचते, दोन्ही बाजूंना. म्हणजे एका रेडस्टोन टॉर्चवर सलग १७ रेल चालतात. छोटा चढ असेल तर एकाआड एक रेल लावून प्रत्येकीला वेगळी वीज देत बसण्यापेक्षा सगळा चढच पॉवर्ड करून टाकलेला बरा.

विजेसाठी रेडस्टोन ब्लॉक वापरू नका, एकाला ९ रेडस्टोन जातात. टॉर्चला एकच लागतो. आणि लिव्हरला तोही नाही, फक्त एक काठी आणि एक कॉबलस्टोन. रुळाखालच्या ब्लॉकच्या बाजूला लिव्हर लावून चालू करा, वरची रेल कायम चालू राहते. सर्व्हरवर खेळत असाल तर मात्र टॉर्च लावा, तोही रुळाखालच्या ब्लॉकच्या खाली, दिसणार नाही असा. समोर लिव्हर दिसला की तो ओढून बघणारा कोणीतरी असतोच.

आता स्टेशन. गाडी सुटत नाही याची सहसा दोन कारणं असतात. बंद पॉवर्ड रेल हा ब्रेक असतो. ती चालू केली तरी सपाटीवर उभ्या गाडीला कुठल्या दिशेला ढकलायचं ते तिला कळायला हवं. त्यासाठी रुळाच्या टोकाला, गाडीच्याच पातळीवर, एक भरीव ब्लॉक लागतो. गाडी त्याच्या विरुद्ध दिशेला सुटते. काच चालत नाही. ब्रेक पक्का लागावा म्हणून दोन बंद रेल लावल्या आणि गाडी ब्लॉकपासून लांबच्या रेलवर थांबली, तर बटण दाबून काही होत नाही. तिथे एकच रेल ठेवा, ब्लॉकला चिकटून. दुसरं कारण वरच्याच नियमातून येतं. कायम चालू असलेल्या रेल ब्रेकच्या रेलला चिकटून लावल्या तर त्यांची वीज ब्रेकमध्ये शिरते आणि ब्रेक कधी लागतच नाही. मध्ये एक साधा रूळ सोडा. थोडक्यात क्रम असा: भरीव ब्लॉक, त्यावर बटण, एक पॉवर्ड रेल, एक साधा रूळ, मग तीन-चार कायम चालू पॉवर्ड रेल, आणि तिथून पुढे दर ३८ ला एक. दोन्ही टोकांना हेच, आरशात पाहिल्यासारखं.

पॉवर्ड रेल वळत नाही, वळणावर साधाच रूळ लागतो. तुमचे तळ एका रेषेत नसून तिरके असतील तर काटकोनात मार्ग टाकू नका. एक रूळ पुढे, एक बाजूला अशी नागमोडी ओळ टाका. वेगाची मर्यादा दोन्ही दिशांना वेगवेगळी लागू होते, त्यामुळे तिरकी गाडी सेकंदाला ११.३ ब्लॉकपर्यंत जाते. रूळ काटकोनाइतकेच लागतात आणि पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण अंतर सारखं असेल तर वेळ निम्मा होतो. पॉवर्ड रेलसाठी तेवढे दोन-तीन ब्लॉक मध्येमध्ये सरळ करून घ्यायचे.

एवढं सांगूनही, मी तुमच्या जागी असतो तर हजार ब्लॉकची रेल्वे वरच्या नेहमीच्या जगात टाकलीच नसती. ८ च्या वेगाने तिला १२५ सेकंद लागतात, आणि नुसतं धावत गेलात तरी तीनेक मिनिटांत पोचता. नेदर हे पोर्टलच्या दारातून गाठायचं खेळातलं दुसरं जग, आणि तिथला एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ. दोन्ही टोकांना पोर्टल केलं की मार्ग १२५ ब्लॉकचा होतो, प्रवास साधारण १६ सेकंदांचा, आणि लोखंड लागतं ४८ विटा. तिथे बोगदा चारही बाजूंनी बंद ठेवा, नाहीतर रुळावर पिगलिन (तिथले डुकरासारखे जीव) येऊन उभे राहतात आणि गाडी त्यांना धडकून थांबते.

जगाच्या सेटिंगमध्ये माइनकार्ट सुधारणांचा प्रायोगिक पर्याय चालू केला असेल तर वरचे अंतराचे आकडे धरू नका. त्यात वेगाची मर्यादा गेमरूलने (जगाच्या नियमांच्या सेटिंगने) वाढवता येते आणि गाडीची चालच बदलते.