ग्राइंडचं गणित: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वर्षानुवर्षं चालणाऱ्या ऑनलाइन गेमबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे: इतका वेळ घातला, तरी हाती काही लागत नाही. ‘ग्राइंड’ म्हणजे हवं ते मिळेपर्यंत तेच ते काम पुन्हापुन्हा करणं. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये माझं फिशिंग (मासेमारीचं कौशल्य) ९२ लेव्हलला पोचलंय. सातच लेव्हल उरल्या म्हणून महिन्याभरात ९९ करायचं ठरवलं, पण आकडा हलता हलत नाही. काय चुकतंय?

चुकत काहीच नाही. तुम्ही अर्ध्यावर आहात, एवढंच. ९९ साठी एकूण १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतो आणि ९२ ला ६५,१७,२५३ झालेला असतो. या गेमच्या तक्त्यात साधारण दर सात लेव्हलनंतर एकूण एक्सपी दुप्पट होतो. ९८ वरून ९९ वर जाण्याच्या एकाच पायरीला १२,२८,८२५ लागतो. सुरुवातीपासून ७५ लेव्हलपर्यंतची अख्खी मजल १२,१०,४२१ मध्ये होते, म्हणजे शेवटची एक पायरी त्याहून मोठी. तेव्हा लेव्हलचा आकडा बघून वेळेचा अंदाज बांधू नका, उरलेला एक्सपी बघा.

आता स्वतःचा वेग काढा. नेहमी खेळता तसंच २० मिनिटं खेळा. गेममधल्या बँकेत जाणं-येणं, गप्पा, मध्येच फोन बघणं, सगळं त्यात धरा. आधीचा आणि नंतरचा एक्सपी लिहून ठेवा आणि फरकाला तीनने गुणा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा असं मोजून मधला आकडा घ्या. तो ताशी ५०,००० आला, तर तुमचे उरलेले ६५,१७,१७८ साधारण १३० तासांचे. रोज दीड तास खेळलात तर जवळपास तीन महिने. गाइडमधले दर धरून हिशेब केला की हमखास फसतो, कारण ते दर एकही क्लिक न चुकवणाऱ्याचे असतात आणि तसं लक्ष कोणाचंही तासन्‌तास टिकत नाही. कमी वेगाची पण निवांत पद्धत पुष्कळदा आधी पूर्ण होते, कारण माणूस ती मध्येच सोडत नाही.

प्रश्न: त्याच गेममध्ये ॲबिसल व्हिप या चाबकासाठी ९०० डीमन (राक्षस) मारले. ड्रॉप रेट (मारल्यावर वस्तू पडण्याची शक्यता) ५१२ मध्ये एक आहे. अजून व्हिप नाही. अकाउंटमध्ये काही बिघाड असेल का? आणि आता तरी तो लवकर पडायला हवा ना?

बिघाड नाही. तो ‘लवकर पडायला हवा’ असंही नाही, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच समजुतीतून होतो. ५१२ मध्ये एक म्हणजे प्रत्येक डीमनमागे तेवढीच शक्यता, आधी कितीही मारलेले असोत. तुमचा ९०१ वा डीमन पहिल्याइतकाच कोरा आहे.

हिशेब असा: एका डीमनकडून व्हिप न मिळण्याची शक्यता ५११ भागिले ५१२. जितके डीमन मारले तितक्या वेळा ही संख्या स्वतःशीच गुणायची. त्यातून हे आकडे निघतात. निम्म्या खेळाडूंना ३५५ डीमनांच्या आत व्हिप मिळतो. ५१२ झाल्यावरही शंभरातले ३७ जण रिकाम्या हाताने असतात. ९०० ला १७ जण, १०२४ ला १३-१४, १५३६ ला ५. शंभरातला एक जण २३५० च्याही पुढे जातो. तुमच्याबरोबर आणखी १६ जण आहेत, फक्त ते गिल्डच्या (खेळाडूंच्या गटाच्या) चॅटमध्ये फोटो टाकत नाहीत. फोटो टाकतात ते पहिल्या पन्नासात व्हिप मिळालेले, आणि तेही शंभरात नऊच असतात.

म्हणून ड्रॉपचा बेत करताना ५१२ हा आकडा धरू नका. दहातल्या नऊ जणांना पुरेल एवढा वेळ धरा: ड्रॉप रेटमधल्या मोठ्या आकड्याला २.३ ने गुणलं की किती मारायचे तो आकडा मिळतो. इथे तो ११७८ च्या आसपास येतो. लूट उचलण्यासकट एका डीमनला ३० सेकंद लागत असतील, तर ताशी १२० आणि एकूण जवळपास दहा तास. हे दहा तास तुम्हाला कबूल नसतील, तर सुरुवातच करू नका. सोनं साठवून बाजारातून व्हिप विकत घ्या. बाजार बंद असलेल्या आयर्नमॅन अकाउंटला ती वाट नाही, त्याने हा आकडा आधीच काढून ठेवावा.

काही गेममध्ये मात्र ‘आता पडायलाच हवा’ हे खरं असतं. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये कॅरेक्टरच्या बॅनरवर (ठरावीक कॅरेक्टरच्या सोडतीत) पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मीळ कॅरेक्टर, मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण ९० व्या विशला (सोडतीच्या खेपेला) तो नक्की मिळतो. तिथेही एक खोच आहे: तो बॅनरवरचाच असेल असं नाही. पहिला चुकला तर पुढचा पंचतारांकित नक्की बॅनरवरचा येतो. म्हणून हवं ते कॅरेक्टर मिळवायचंच असेल, तर १८० विशची तयारी ठेवा. अशी हमी आहे की नाही, हे ग्राइंड सुरू करण्याआधी गेमच्या नियमांत शोधा. हमी नसेल, तर मागचे तास पुढच्या तासांना मदत करत नाहीत.

प्रश्न: रोजची डेली (गेमने दिवसाला नेमून दिलेलं काम) केली नाही तर काहीतरी बुडालं असं वाटतं. गेम आता नोकरीसारखा झालाय. काय करावं?

तुमच्या या भावनेला गेमची रचना जबाबदार आहे, हे आधी नीट पाहा. गेनशिनमध्ये दर ८ मिनिटांना एक रेझिन (बक्षिसं घेताना खर्च होणारी शक्ती) भरतो, म्हणजे दिवसाला १८०. पूर्वी साठा १६० वर थांबायचा. तो २१ तास २० मिनिटांत भरायचा, त्यामुळे दिवसातून एकदाच येणाऱ्याचं थोडं रेझिन रोज वाया जायचं. २०२४ मध्ये मर्यादा २०० झाली. आता साठा भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात, आणि रोज एकाच वेळी येणाऱ्याचं काहीच सांडत नाही. बदल फक्त चाळीसचा होता, पण दिवसातून दुसऱ्यांदा गेम उघडण्याची सक्ती त्याने संपवली.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये बीटाच्या (प्रकाशनाआधीच्या चाचणीच्या) वेळी उलट प्रसंग आला होता. जास्त वेळ खेळलं की एक्सपी निम्मा व्हायचा आणि खेळाडू चिडायचे. डेव्हलपरनी आकडे तसेच ठेवले, फक्त निम्म्याला ‘नेहमीचा’ म्हटलं आणि पूर्णाला विश्रांतीचा दुप्पट बोनस. तक्रारी थांबल्या. बुडाल्याची भावना पुष्कळदा अशी मांडणीतूनच येते.

तुमच्यापुरता उपाय: एक आठवडा प्रत्येक डेलीपुढे तिला लागलेली मिनिटं आणि मिळालेली वस्तू लिहा. जी वस्तू पुढच्या पंधरा दिवसांत वापरणार नाही, तिची डेली सोडा. दिवसाच्या मर्यादेपेक्षा आठवड्याच्या मर्यादेची कामं आधी निवडा. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये वरच्या दर्जाचे टोमस्टोन (वस्तू घ्यायचं गेममधलं चलन) आठवड्याला ४५० मिळतात, ते दोन संध्याकाळींत करा किंवा सात, फरक पडत नाही. त्या गेमचे प्रोड्युसर नाओकी योशिदा यांनीच जाहीरपणे सांगितलंय की मध्ये दुसरे गेम खेळा, नवा पॅच (अपडेट) आला की परत या. खेळाडूच्या वेळेचा असा मान इतर डेव्हलपरनीही ठेवायला हवा.

प्रश्न: दोन वर्षं जमवलेला गिअर (शस्त्रं, चिलखतं) एका अपडेटमध्ये कुचकामी झाला. ही फसवणूक नाही का?

गेम कोणत्या जातीचा आहे, त्यावर ते ठरतं. वॉरक्राफ्टमध्ये नवं एक्स्पान्शन (गेमचा मोठा विस्तार) आलं की साध्या क्वेस्टचं (कामगिरीचं) बक्षीस जुन्या रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) गिअरला मागे टाकतं. हे २००७ च्या पहिल्या एक्स्पान्शनपासून उघड आहे, त्यामुळे तिथला गिअर पुढच्या एक्स्पान्शनपर्यंत भाड्याने घेतला असं समजा. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये लेव्हलची मर्यादा २०१२ पासून ८० च आहे, आणि त्याच वर्षी आलेला असेंडेड गिअर आजही आकड्यांत सर्वांत वरचा आहे. तिथे मेहनत टिकते.

फसवणूक म्हणता येईल ती मध्येच नियम बदलला तर. ‘डेस्टिनी २’ने नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या शस्त्रांच्या ताकदीवर मर्यादा घातली आणि मंगळासह काही ठिकाणं गेममधून काढली. खेळाडूंचा रोष रास्त होता. शस्त्रांवरची मर्यादा पुढे वाढवणार नाही, असं कंपनीला २०२१ च्या सुरुवातीलाच जाहीर करावं लागलं.

व्यवहारात एवढं पाळा: गिअरचा ग्राइंड सीझनच्या पहिल्या एक-तृतीयांश काळात उरका, शेवटच्या महिन्यात थांबा. त्या महिन्यात माउंट (स्वारीचे प्राणी), टायटल (नावापुढच्या पदव्या), वेश यांच्यामागे लागा. त्यांचा दर्जा पॅचने सहसा उतरत नाही.

प्रश्न: पैसे देऊन ग्राइंड टाळला तर बिघडलं कुठे?

लूट मिळवणं हाच गेम असेल तर बिघडतं. ‘डायाब्लो ३’मध्ये २०१२ ला लिलावघर आलं, खऱ्या पैशांचंसुद्धा. चांगला गिअर राक्षस मारून मिळण्यापेक्षा लिलावात सहज मिळू लागला आणि मारण्यातली मजा गेली. १८ मार्च २०१४ ला ते बंद केलं आणि त्याच सुमारास आपल्याच क्लासचा (योद्धा, जादूगार अशा प्रकाराचा) गिअर जास्त पडेल अशी लूट आणली. ज्या गेममध्ये लढत किंवा गोष्ट मुख्य आहे, तिथे वाट छोटी करायला पैसे दिले तर आमची हरकत नाही. मात्र ग्राइंड मुद्दाम लांबवून मग सुटका विकली जात असेल, तर तो गेम सोडा.

प्रश्न: ऑटोक्लिकर (आपोआप क्लिक करणारं सॉफ्टवेअर) चालेल का?

नाही. बहुतेक गेमच्या नियमांत थेट बॅन आहे. क्लिकमधलं अंतर थोडं मागेपुढे केलं तरी ओळखू येतं, कारण न थकता, न चुकता आठ-दहा तास चालणारा खेळाडू वेगळा दिसतोच.

प्रश्न: आमच्या गिल्डमध्ये लुटीवरून भांडणं होतात. नियम कसा ठरवावा?

आधी अपेक्षा लहान करा. वॉरक्राफ्ट क्लासिकच्या मोल्टन कोअरमध्ये ४० जण, दहा बॉस आणि आठवड्यातून एकच फेरी. प्रत्येक बॉसमागे मोजक्याच वस्तू पडतात, त्यामुळे एखादी ठरावीक वस्तू हवी असणाऱ्याला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. हे भरती करतानाच सांगा.

हजेरीचे गुण देऊन त्यांवर वस्तू घेण्याची डीकेपी पद्धत पारदर्शक आहे, पण जुने लोक गुण साठवून बसतात आणि नव्यांना काही मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे दर आठवड्याला सगळ्यांचे शिल्लक गुण १० ते २० टक्क्यांनी कमी करायचे. लूट काउन्सिल (लूट कोणाला द्यायची ते ठरवणारी समिती) नेमायचं असेल तर प्रत्येक निर्णयाचं कारण त्याच रात्री लिहून सगळ्यांना दाखवा, आणि काउन्सिलच्या सदस्याला वस्तू हवी असेल तेव्हा त्याने त्या निर्णयातून बाजूला व्हावं. नियम रेड सुरू होण्याआधी गिल्डच्या चॅटमध्ये लावा. बॉस पडल्यावर बदललेला नियम कितीही योग्य असला, तरी तो कोणी मानत नाही.