औषधांच्या बाजारातील स्पर्धा आणि रुग्णाचा खिसा : वाचकांचे प्रश्न

औषधे, तपासण्या आणि रुग्णालयांच्या दरांविषयी येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून यावेळी त्यांतील काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मधुमेहासाठी मी एम्पाग्लिफ्लोझिन घेतो. पूर्वी एका गोळीला साठ रुपयांच्या आसपास पडत. आता तेच औषध दहा-बारा रुपयांत मिळते. ते कमी ताकदीचे असेल का?

नाही. या औषधाचे भारतातील मूळ पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी आपापले ब्रँड बाजारात आणले. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूला, म्हणजे मूळ रासायनिक पदार्थाला, पेटंट मिळत नसे, केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला मिळे. २००५ पासून रेणूलाही मिळू लागले. त्यामुळे पूर्वीचे साठ रुपये हे प्रामुख्याने मक्तेदारीचे होते, गोळीतील पावडरीचे नव्हते. मात्र नव्या पाकिटांपैकी कित्येकांत मेटफॉर्मिन किंवा लिनाग्लिप्टिन हे मधुमेहाचे दुसरे औषधही मिसळलेले असते आणि नावे एकमेकांसारखी असतात. ब्रँडच्या नावाखालील बारीक ओळ वाचा, १० की २५ मिलिग्रॅम ते पाहा आणि गोळी बदलण्यापूर्वी पाकीट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी जनऔषधी केंद्रातून घेतली तर चालेल का?

चालेल, घटक आणि मात्रा तीच असल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी आणि पहिले काही आठवडे रक्तदाब मोजत राहावे.

प्रश्न : आमचा मेडिकलवाला लिहून दिलेल्या ब्रँडऐवजी ‘जेनेरिक’ देतो आणि छापील किमतीवर ४० टक्के सूटही देतो. यात आमचा फायदाच आहे ना?

तुमच्यापेक्षा त्याचा अधिक असू शकतो, आणि हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. कंपन्या औषधे दोन वाटांनी विकतात. एका वाटेवर वैद्यकीय प्रतिनिधी डॉक्टरांकडे जाऊन ब्रँड लिहून घेतो. दुसऱ्या वाटेवर माल थेट वितरकाकडे आणि दुकानात जातो. त्याला व्यापारात ट्रेड जेनेरिक म्हणतात. पहिल्या वाटेवर कंपन्यांची चढाओढ डॉक्टरांच्या पसंतीसाठी असते, दुसऱ्या वाटेवर दुकानदाराच्या नफ्यासाठी. पैसे देणारा रुग्ण दोन्हीकडे निवड करीत नाही, म्हणून एकाच औषधाचे शंभर ब्रँड असूनही त्याच्यासाठी किंमत हवी तशी उतरत नाही. समजा, पाकिटावर ११० रुपये छापले आहेत आणि दुकानदाराला ते २० रुपयांना पडले. ४० टक्के सूट देऊन त्याने ते तुम्हाला ६६ रुपयांना दिले, तर तुम्ही खूश आणि त्याच्या गल्ल्यात ४६ रुपये.

‘सरकार किंमत ठरवते ना?’ असे यावर विचारले जाते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधाची कमाल किंमत काढताना बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी घेतात आणि तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवतात. उत्पादनाचा खर्च त्या हिशेबात येत नाही. यादीबाहेरील औषधांच्या बाबतीत साधारणपणे वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही एवढेच बंधन आहे. पहिली किंमत किती ठेवावी, हे कंपनी ठरवते.

शिवाय शेड्यूल एचमधील (केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या) औषधाच्या चिठ्ठीवर दुकानदाराने परस्पर दुसरा ब्रँड देणे नियमबाह्य आहे, मग घटक तोच का असेना. माझी खरी काळजी फेनिटॉइन (फिटवरील), वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे) आणि लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइडचे) घेणाऱ्यांविषयी आहे. या औषधांत परिणाम आणि अपाय यांच्यातील अंतर थोडे असते. ज्या महिन्यात ज्या कंपनीची दुकानदारासाठी स्कीम, त्या महिन्यात तो ब्रँड, असे होत राहिले तर फिट पुन्हा येणे किंवा रक्तस्राव होणे असंभव नाही. स्वस्त ब्रँड निवडायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे; पण तो डॉक्टरांशी बोलून एकदाच निवडावा, त्यावरच राहावे आणि प्रत्येक वेळी बॅच क्रमांकासह बिल घ्यावे.

प्रश्न : ॲपवरून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागवावे का?

मागवू नये.

प्रश्न : १,४९९ रुपयांत ८५ तपासण्यांचे पॅकेज मिळत आहे. मला काहीही त्रास नाही. घ्यावे का?

हा ८५ चा आकडा जाहिरातीसाठी फुगवलेला असतो. रक्तातील पेशींच्या एकाच तपासणीतून वीस-बावीस आकडे येतात आणि ते सगळे वेगळे मोजले जातात. यकृत, मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉल यांचेही तसेच. बहुतेक चाचण्यांत ‘नॉर्मल’ची मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकीही सुमारे पाच टक्के तिच्याबाहेर पडतात, म्हणून इतक्या आकड्यांत एखादा ठळक अक्षरांत छापला जाणारच. मग फोन येतो आणि पुढचे पॅकेज विकले जाते. लक्षणे नसताना कर्करोगाचे मार्कर (रक्तातील सूचक पदार्थ) तपासणे तर बहुतेक वेळा केवळ भीती विकत घेणे असते. वय, वजन आणि घराण्यातील आजार सांगून कोणत्या चाचण्या हव्यात, ते आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडिलांना अँजिओप्लास्टी सांगितली आहे. ‘नव्या पिढीचा’ स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) सरकारी दरात बसत नाही, असे रुग्णालय म्हणते. शेजारी म्हणतात, थांबा, किमती उतरतील.

शेजाऱ्यांचे ऐकू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये, कर वगळून, ठरवण्यात आली. त्यानंतर हे दर वेळोवेळी बदलले. सुधारित स्टेंटसाठी वेगळा, चढा दर मिळावा, अशी मागणी काही कंपन्यांनी संशोधनाचा दाखला देऊन केली होती. ती मान्य झाली नाही, म्हणून ‘नव्या पिढीच्या’ स्टेंटलाही तीच कमाल मर्यादा लागू होते. नव्या संशोधनाला मोबदला मिळावा हे मलाही पटते, पण त्यासाठी फरक रुग्णांवरील चाचण्यांत दिसला पाहिजे. चालू दर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. बिलावर स्टेंटचे नाव, उत्पादक आणि बॅच स्वतंत्र लिहून मागा, आणि त्याच प्रक्रियेत वापरलेला बलून व कॅथेटर (बारीक नळी) यांचे आकडेही तपासा.

वडिलांना बसल्या जागी छातीत दुखत असेल तर दर विचारत न बसता आजच रुग्णालयात न्या. प्रकृती स्थिर असेल, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन याच आठवड्यात दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. सीडी द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी मागणी करा; २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.