क्लब मालकाचा की चाहत्यांचा? पुण्याशी नातं असलेल्या एका भांडणातून उत्तर

प्रश्न: इंग्लंडमध्ये फुटबॉलचे चाहते आपल्याच क्लबच्या मालकाविरुद्ध मोर्चे काढतात, सामन्यांवर बहिष्कार घालतात. मालकाचा पैसा, मालकाचा क्लब. नाही पटत तर तिकीट काढू नये, दुसरा संघ धरावा. एवढा तमाशा कशासाठी? आणि त्यातून खरंच काही साध्य होतं का?

उत्तर:

'मालकाचा पैसा, मालकाचा क्लब' हे तुमचं वाक्य पुण्यात बसून वाचताना गंमत वाटली. कारण या विषयातलं सगळ्यात चिवट भांडण पुण्याशीच बांधलेलं आहे.

लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबची मालकी नोव्हेंबर २०१० पासून वेंकीजकडे आहे. हो, तेच चिकनवाले, पुण्याचा व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह. मी नोकरीनिमित्त काही वर्षं त्या भागात होतो. 'मूळचा कुठला?' या प्रश्नाला 'पुण्याचा' असं उत्तर दिलं की इंग्लंडात इतरत्र लोक नुसती मान हलवतात. ब्लॅकबर्नमध्ये मात्र पुढचा अर्धा तास तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं, जणू तुम्हीच सही केली होती.

आधी थोडा इतिहास, नाहीतर राग कळणार नाही. क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये इंग्लिश लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. गाव लाख-सव्वा लाख वस्तीचं, एकेकाळी सुती गिरण्यांचं, आता गिरण्या गेलेल्या. जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलाद व्यापाऱ्याने लहानपणापासूनच्या प्रेमापोटी क्लबमध्ये पैसा ओतला आणि १९९५ मध्ये या एवढ्याशा गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वोच्च लीग, जिंकली. वॉकर २००० साली गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टने क्लब वेंकीजला विकला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना.

विक्रीला महिना उलटायच्या आत सॅम अ‍ॅलरडाईस या मुरलेल्या व्यवस्थापकाला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे अशा क्लबसाठी बरा. जागी आले स्टीव्ह कीन. ते क्लबमध्ये प्रशिक्षक होते, पण संघ स्वतंत्रपणे सांभाळण्याचा अनुभव शून्य. २०११ मध्ये रोव्हर्सचे खेळाडू चिकन खातायत अशी जाहिरात झळकली. त्याच ऑक्टोबरात, लीगमध्ये नाकातोंडात पाणी जात असताना, संघ पुण्याला येऊन बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. आपल्याला इकडे कौतुक वाटलं. तिकडे लोकांनी कपाळावर हात मारला.

मग ७ मे २०१२. घरचं मैदान, समोर विगन, हरलं की प्रीमियर लीगमधून बाहेर. सामना चालू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली, अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेली. कोट्यवधींच्या करारांवर खेळणारे खेळाडू क्षणभर थांबून त्या कोंबडीकडे बघतायत, ती गोलपोस्टाजवळ फडफडतेय, हे दृश्य जगभर दिसलं. रोव्हर्स १-० ने हरले आणि अकरा वर्षांनी खालच्या पायरीवर गेले. कोंबडीचे हाल केले म्हणून त्या माणसाला शिव्या घालायला मी तयार आहे, पण निषेध म्हणून याच्याइतकं नेमकं काही मी पाहिलेलं नाही. एकही घोषणा न देता मालक कोण, धंदा काय आणि संघाचं काय झालं, तिन्ही सांगून झालं.

पुढच्या हंगामात व्यवस्थापक म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी वेळ येण्याची ती पहिलीच खेप. वर्षभरात ते दुसऱ्या पायरीवर परतले, तेवढं मात्र झालं.

आता वेंकीजची बाजू. त्यांनी क्लबमधून पैसा काढून नेला नाही. उलट दर वर्षीचा तोटा पुण्यातून भरला गेला आहे, आणि इंग्लंडात असे मालक मिळणं सोपं नाही. मँचेस्टर युनायटेडचा मामला नेमका उलटा: २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे चाहत्यांच्या तिकिटांतून, मालकाने त्यांचाच क्लब विकत घेतल्याचं व्याज जाऊ लागलं. तिथला संताप समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग पैसे भरणाऱ्या वेंकीजवर एवढा राग का? माझ्या मते इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. भांडण पैशाचं कमी आणि 'विचारायचं कुणाला?' याचं जास्त आहे. मालक मैदानावर क्वचित दिसतात, बोलतात त्याहून क्वचित. २०२३ पासून त्यात आणखी एक फाटा फुटला. परदेशी पाठवलेल्या पैशांबाबत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्याने क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. लँकेशायरमधल्या पबात बसलेली माणसं दिल्लीतल्या सुनावणीची तारीख विचारतायत, असा प्रकार. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम व्हार्टन हा मधल्या फळीतला पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, लहानपणापासून क्लबच्याच अकादमीत वाढलेला, किंमत १ कोटी ८० लाख पौंड आणि वर बोनस. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. विकला याचं दुःख लोकांना होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न होता की त्या पैशाचं पुढे काय होणार. उत्तर द्यायला कुणी समोर नाही. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला गेला. जिथून किरा वॉल्श आणि जॉर्जिया स्टॅनवे पुढे आल्या, तोच हा संघ.

आता 'दुसरा संघ धरावा' याबद्दल. समजा तुमच्या पेठेतलं सव्वाशे वर्षांचं गणेश मंडळ उद्या कुणी विकत घेतलं. मूर्ती तीच, मांडव तोच, पण वर्गणी तिप्पट, मिरवणुकीचा मार्ग मालक ठरवणार आणि मालक राहायला दुसऱ्या देशात. तुम्ही म्हणाल का, जाऊ दे, पुढच्या चौकातल्या मंडळाचे कार्यकर्ते होऊ? माझ्या ऑफिसात रोव्हर्सचा एक जुना भक्त होता. तीस-एक वर्षांचं सीझन तिकीट त्याने रागाने सोडलं होतं. बर्नलीचा, म्हणजे शेजारच्या कट्टर वैरी गावाचा संघ मात्र त्याच्या तोंडून नावानेही निघत नसे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता काय लागलं ते बघायचा, चेहरा पाडायचा आणि बायकोशी भांडायचा. या माणसाला बाजारातला ग्राहक कसं म्हणायचं? त्याला दुसरं दुकानच नाही. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं, आणि गिऱ्हाईक कुठे जाणार नाही हे ठाऊक असलेल्या दुकानदाराची वागणूक कशी होते ते आपण सगळेच जाणतो.

आपल्याकडे हे परकं का वाटतं? कारण आपले क्लब तेवढे मुरलेच नाहीत. २०१४ ला सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. काही पोरं हळहळली, बाकी पुण्याला पत्ताही लागला नाही. आणि आयपीएलमध्ये २०२४ साली वानखेडेवर हुर्यो उडाली ती कर्णधार हार्दिक पंड्याची. त्याला कर्णधार करणाऱ्यांकडे कुणी तोंड वळवलं नाही.

काही साध्य होतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. होतं, पण घाव कुठे बसतो त्यावर आहे. नुसत्या घोषणा मालकाला ऐकू येत नाहीत, विशेषतः तो सात हजारांहून जास्त किलोमीटरवर असेल तर.

ब्लॅकबर्नपासून जवळच, समुद्रकाठी ब्लॅकपूल आहे. तिथला क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढला आणि त्याच हंगामात मालक ओवेन ऑयस्टन यांच्या कंपनीला १ कोटी १० लाख पौंड दिले गेले. वर्षभरात संघ खाली. चाहत्यांनी आवाज उठवला तर काहींवर अब्रुनुकसानीचे दावे गुदरले गेले. २ मे २०१५ ला लोक मैदानात घुसून बसले आणि हडर्सफील्डविरुद्धचा सामना सोडून द्यावा लागला. मग बहिष्कार: यापुढे एक पेनीही नाही. पुढची जवळजवळ चार वर्षं बाप-लेक स्टेडियमबाहेर उभे राहायचे, आत जायचे नाहीत. माझ्या मनात सगळ्यात आदर या लोकांबद्दल आहे. कारण कोंबडी सोडायला एक संध्याकाळ लागते, आणि आपल्या संघाचा गोल भिंतीपलीकडून ऐकत उभं राहायला फार चिकाटी. तरीही खरं सांगायचं तर मालक गेला तो बहिष्काराने नव्हे. भागीदार वालेरी बेलोकोन कोर्टात गेला, २०१७ मध्ये न्यायालयाने ऑयस्टन कुटुंबाला ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यायला सांगितली, ती वेळेत भरली गेली नाही आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबवर न्यायालयाचा रिसीव्हर, म्हणजे मालमत्तेचा ताबा घेणारा अधिकारी, बसला. ९ मार्चला, साउथएंडविरुद्ध, जवळपास सोळा हजार लोक एकदम परतले. निकाल २-२. बरोबरीचा गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला, आणि तिथे ढसाढसा रडलेल्या लोकांना स्कोअर आजही पाठ असेल.

सुपर लीगचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी बंदिस्त स्पर्धा जाहीर केली, त्यात सहा इंग्लंडचे. दोन दिवसांत चेल्सीच्या चाहत्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला. जुना गोलकीपर पीटर चेक, तेव्हा क्लबचा पदाधिकारी, स्वतः गर्दीत येऊन 'जरा वेळ द्या' म्हणून विनवत होता. त्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. पण तिथे चाहत्यांच्या बाजूने सरकार होतं, युरोपची फुटबॉल संघटना युएफा होती, खेळाडूही होते. दोनच आठवड्यांनी युनायटेडचे लोक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलायला लावला. पण ग्लेझर काही हलले नाहीत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांना पाव हिस्सा विकला, तरी अधिक मतं आजही त्यांचीच.

याउलट जर्मनी बघा. तिथे '५० अधिक १' असा नियम आहे: क्लबमधली बहुमताची मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, लाइपझिगने पळवाट काढलीय, पण चौकट ती. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने ठरवलं की प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला ८ टक्क्यांपर्यंतचा वाटा २० वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचा, सुमारे १ अब्ज युरोंच्या बदल्यात. दोन तृतीयांश मतं हवी होती, म्हणजे ३६ क्लबांपैकी २४. मिळाली बरोबर २४. हॅनोव्हर क्लबच्या सभासदांच्या संस्थेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना 'विरोधात मत द्या' असा स्पष्ट आदेश दिला होता. मतदान गुप्त, आणि आकड्यांचा हिशेब लावला तर ते मत बाजूने पडलं असावं असा सगळ्यांचा संशय.

मग फेब्रुवारीत सामन्यांमध्ये टेनिस बॉल पडू लागले. शेकड्यांनी. खेळ थांबतो, गोलकीपर बॉल गोळा करून कडेला टाकतो, मैदान साफ होतं, पंच शिट्टी वाजवतो, की पुन्हा पिवळा पाऊस. सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी आली, धुराची नळकांडी बांधलेल्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्या आल्या. कुठे कुठे अर्धा-अर्धा तास सामना अडला. कुणाचं डोकं फुटलं नाही, पण टीव्हीचं वेळापत्रक पार कोलमडलं, आणि लीग विकायला निघाली होती ती नेमकी हीच वस्तू. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने व्यवहार सोडून दिला. टेनिस बॉल इंग्लंडातही विकत मिळतात. फरक हा की जर्मनीत बॉल फेकणारा क्लबचा सभासदही असतो, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षाला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

इंग्लंडात निदान कायदा झाला. २०१९ मध्ये बरी हा १८८५ चा क्लब देणी भागवू न शकल्याने लीगमधून काढला गेला, मग सुपर लीगचा गोंधळ, त्यावर चाहत्यांचं म्हणणं ऐकून केलेला सरकारी अहवाल, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर. आता स्वतंत्र नियामक असेल, क्लबना परवाना घ्यावा लागेल, अपात्र मालकाला बाहेर काढता येईल, आणि बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलायचे तर चाहत्यांची संमती लागेल. मोर्चे काढणाऱ्यांच्या पदरात पडलेलं हे सगळ्यात मोठं माप, असं मी मानतो. ब्लॅकबर्नला त्याचा किती उपयोग होईल याबद्दल मात्र मी साशंक आहे. निळे-पांढरे अर्धे-अर्धे रंग शाबूत राहतील. पुण्याहून कुणी येऊन त्यांच्याशी बोलावं, याची सक्ती कायदा कशी करणार?