चाकाचे नट आणि स्पार्क प्लग या दोन्हींसाठी एकच टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, तो मोजून आवळायचा पाना) चालेल का? घट्टपणा अचूक कसा मोजायचा?

नाही, दोन रेंच लागतील: चाकाच्या नटांसाठी ४० ते २०० न्यूटन-मीटरचा (हे टॉर्कचं एकक), अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसवायचं चौकोनी टोक) क्लिक रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की 'क्लिक' करणारा, आणि प्लगसाठी साधारण ५ ते २५ चा छोटा. कारण आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरवरच्या क्लिक रेंचला ±४ टक्के फरक चालतो, पण तो कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून पुढेच मोजला जातो. म्हणजे २०० च्या रेंचवर प्लग १८ न्यूटन-मीटरला आवळणं हा निव्वळ अंदाज, आणि प्लग बसतो त्या इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की दुरुस्ती महाग पडते. रेंच मुठीच्या मधोमध धरून संथ, सलग ओढा. पहिल्या क्लिकला थांबा, खात्रीसाठी पुन्हा दाबू नका. सॉकेटला सरळ एक्स्टेंशन लावल्याने आकडा बदलत नाही, पण रेंचची लांबी वाढवणारं अडॅप्टर पुढे लावलं तर तो नक्की बदलतो. आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलमध्ये तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावा. काम झाल्यावर सेटिंग किमान आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नको. सिलिंडर हेडच्या बोल्टना मात्र हे पुरत नाही: बऱ्याच गाड्यांत ठराविक टॉर्कनंतर ९० अंशांसारखा कोन फिरवायचा असतो. तिथे कोनमापक लागतो, आणि असे बोल्ट बहुधा नवेच घालावे लागतात.