तेलाचा पैसा कायद्याने बांधता येतो का?

प्रश्न : गरीब देशाने तेलाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा शाळा-दवाखान्यांसाठी कायद्यानेच राखून ठेवला, तर पैसा सत्ताधाऱ्यांच्या हाती जाण्यापासून वाचेल का?

उत्तर : मध्य आफ्रिकेतल्या चाडने नेमकं हेच करून पाहिलं. तिथल्या डोबा भागातल्या तेलविहिरींपासून कॅमेरूनमधल्या क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटरच्या पाइपलाइनला जागतिक बँकेने पाठबळ दिलं, ते १९९९च्या महसूल कायद्याच्या भरवशावर. पैसा आधी लंडनच्या खात्यात जमा व्हायचा. रॉयल्टीच्या, म्हणजे काढलेल्या तेलावर कंपन्या सरकारला देत त्या वाट्याच्या, दर १०० डॉलरमधले १० भावी पिढ्यांच्या निधीत, ७२ शिक्षण, आरोग्य, रस्ते, पाणी अशा कामांना, साडेतेरा सरकारच्या चालू खर्चाला, साडेचार डोबा भागाला. देखरेखीच्या समितीत नागरी संघटनांचीही माणसं. कागदावर चोख!

पण कायदा लागू होता फक्त रॉयल्टी आणि लाभांशाला, तोही पहिल्या तीन तेलक्षेत्रांपुरता. कंपन्यांचा प्राप्तिकर आणि सीमाशुल्क त्याच्या कक्षेबाहेरच राहिलं. याहून महागात पडलं ते वेगळंच : कायदा बदलणारी संसद अध्यक्ष इद्रिस डेबी यांच्या मुठीत होती. पाइपलाइन होईपर्यंत त्यांना बँकेची गरज होती. २००३मध्ये तेल वाहू लागलं आणि ती संपली. डिसेंबर २००५मध्ये संसदेने भावी पिढ्यांचा निधी मोडीत काढला आणि प्राधान्याच्या यादीत 'सुरक्षा' घातली. म्हणजे शस्त्रखरेदीही आता विकासात जमा. बँकेने कर्जं थांबवली, लंडनचं खातं गोठवलं; डेबींनी तेल बंद करण्याची धमकी दिली. तडजोड झाली, पण टिकली नाही. २००८मध्ये चाडने कर्ज मुदतीआधीच फेडलं आणि बँक बाहेर पडली.

तेव्हा असा कायदा वाचताना टक्केवारी नंतर पाहा. कोणतं उत्पन्न त्यातून वगळलंय आणि दुरुस्तीला साधं बहुमत पुरतं का, हे आधी तपासा.

प्रश्न : तेल निघालं की शेती का बसते?

उत्तर : निर्यातीचे डॉलर भरमसाट येतात, देशी चलन वधारतं. शेतकऱ्याला परदेशी विक्रीचे कमी पैसे मिळतात आणि आयात धान्य स्वस्त पडतं. मजूर शहरात बांधकामांकडे वळतात. याला 'डच रोग' म्हणतात, नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायूचा साठा सापडल्यानंतरच्या अनुभवावरून. नायजेरियाच्या भुईमुगाचं उदाहरण नेहमी देतात, पण तिथे १९७०च्या दशकातला दुष्काळ आणि रोझेट हा विषाणूरोगही तितकाच कारणीभूत होता. सगळं खापर तेलावर फोडू नका.