तुझे पाय आपोआप का हलले?

मनू,

शनिवारी विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर गाडीत तू विचारलंस, आई, कुणी शिकवलं नव्हतं तरी ढोल-ताशा ऐकून माझे पाय आपोआप कसे हलायला लागले, आणि घरी त्याचाच व्हिडिओ लावला तर तसं का होत नाही? तेव्हा मी नुसतं हं हं केलं, पण प्रश्न भारी आहे, म्हणून नीट लिहूनच सांगते.

एक तर ढोल आपण नुसता कानाने ऐकत नाही, त्याचा घुमारा छातीत, पोटात लागतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो खालच्या पट्टीचा आवाज येतच नाही, नुसती ताशाची तडतड येते. इथे आपल्या ओंटारिओतच, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात लाईव्ह कॉन्सर्ट चालू असताना संशोधकांनी कानाला कळणारही नाहीत असे खूप खालच्या पट्टीचे आवाज काढणारे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले, तर चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते, २०२२ मध्ये छापून आलं ते. आणि ठेका ऐकताना माणूस गप्प पडून असला तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, पुढचा ठोका कधी पडणार ते मेंदू आधीच धरून बसतो. म्हणजे तुझे पाय आधीच तयार होते गं.

पण माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. व्हिडिओला तू दिसत नाहीस, वाजवणाऱ्याला दिसतेस! पुण्यात मी पथकात ढोल वाजवायचे, तिथे सगळ्यांची नजर ताशावर. ताशा गळ्यात अडकवलेला, दोन बारीक काड्या, आणि ताशावाल्याने इशारा दिला की सगळे ढोल एकदम हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलतात. पण त्याची नजर असते समोरच्या गर्दीवर, लोक सैल पडले की तो लय थोडी चढवतो, पोरं उड्या मारायला लागली की तोच हात अजून दोनदा फिरवतो, मग ती पोरं अजून चेकाळतात आणि ते बघून आमच्या टिपरूलाही, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीलाही, जोर यायचा, खांदे भरून आले तरी थांबवत नसे.

वारीतही हेच. तुझी आजी लग्नात कुणी ओढलं तरी नाचत नाही, पण दिंडीत पावली सुरू झाली की टाळ घेऊन दोन पावलं पुढे, दोन मागे, मृदंगवाला लय वाढवत नेतो तशी तीही वाढते, गुडघे दुखतात हे विसरून. शेजारची बाई, पुढची रांग, सगळ्यांचे पाय एकत्र पडत असतात ना, त्यात लाज कुठल्या कुठे जाते. आणि मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने, म्हणजे वारीत शिस्त राखणाऱ्याने, दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प! तेव्हासुद्धा अंगात लय चालूच असते, असं आजी सांगते.

इथल्या पथकाच्या पुढच्या प्रॅक्टिसला चल माझ्याबरोबर, कानात बोळे मात्र घालायचे हं, ताशाचा आवाज लहान कानांना फार होतो. ताशावाल्या काकांना मी सांगते हळू सुरू करून चढवत न्यायला, तू लोकांच्या पायांकडे बघ, लय कुठे बदलली ते तिथेच कळेल तुला. आणि नाचावंसं वाटलं तर बघत बसू नकोस, सरळ पुढे जा.

तुझी आई